ग्लॅम रॉकमधील उपेक्षित : मान्यता, प्रभाव आणि श्रेय

कोणत्याही कलेच्या इतिहासात काही नावे ठळक टाइपात छापली जातात, काही तळटीपेत जातात आणि काही मुळीच छापली जात नाहीत. तळटीपेतल्या नावांसाठी हिरिरीने भांडणारे रसिक मात्र प्रत्येक कलेला लाभतात. ब्रिटनमध्ये १९७१ ते १९७५ या चार-पाच वर्षांत बहरलेल्या ‘ग्लॅम रॉक’ या संगीतप्रकाराच्या बाबतीत असे भांडण पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही चालू आहे. डेव्हिड बोवीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण मार्क बोलनचे काय? स्लेडचे काय? स्वीट, सुझी क्वाट्रो, मिक रॉन्सन, जोब्रायथ यांचे काय? यांपैकी कोणाला अधिक मान्यता मिळावयास हवी होती, हा त्या वादाचा विषय.

वरवर पाहता हा हौशी मंडळींचा फावल्या वेळचा उद्योग वाटेल. परंतु थोडे खोलात गेल्यास असे दिसते की, या वादाच्या तळाशी एक गंभीर प्रश्न आहे. कलेचा इतिहास कोण लिहितो, आणि ज्यांच्याविषयी लिहिणारे कोणी नसते त्यांच्या कलेचे पुढे काय होते, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात ग्लॅम रॉकच्या उदाहरणावरून याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

ग्लॅम रॉक म्हणजे काय?

‘ग्लॅम’ हे ‘ग्लॅमर’ या शब्दाचे संक्षिप्त रूप. १९७० च्या सुमारास इंग्रजी रॉक संगीत फार गंभीर झाले होते. पंधरा-वीस मिनिटांच्या रचना, लांबच लांब गिटारवादन, साधे कपडे आणि वाढलेली दाढी असा तो थाट होता. तो ऐकायला महाविद्यालयीन तरुण होता. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना नाचायला त्यात काही नव्हते. ती उणीव ग्लॅम रॉकने भरून काढली. तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे, १९५० च्या दशकातील रॉक अँड रोलची सोपी चाल, पायाने ठेका धरावा असे जोरकस ड्रम, आणि या सर्वांवर चकाकी, उंच टाचांचे बूट, चंदेरी कपडे व पुरुषांच्या चेहऱ्यावर रंगभूषा, हे त्याचे स्वरूप.

आरंभ सामान्यतः मार्क बोलनपासून मानतात. लंडनच्या हॅकनी भागात वाढलेला हा मुलगा. त्याचा ‘टी. रेक्स’ हा बँड मार्च १९७१ मध्ये ‘हॉट लव्ह’ हे गाणे घेऊन बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात आला, तेव्हा बोलनच्या डोळ्यांखाली चकाकी लावलेली होती. ते गाणे सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. येथे एक तांत्रिक कारणही ध्यानात घ्यावयास हवे. बीबीसीच्या मुख्य वाहिनीवर रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते नोव्हेंबर १९६९ मध्ये. चंदेरी जाकीट आणि निळ्या-गुलाबी पापण्या कृष्णधवल पडद्यावर फुकट गेल्या असत्या. रंगीत पडदा नुकताच घरात येऊ लागला होता आणि त्याला शोभेल असे संगीत त्याच वेळी जन्मास आले.

बोलनमागून स्लेड, स्वीट, रॉक्सी म्युझिक, मॉट द हूपल असे अनेक बँड पुढे आले. जून १९७२ मध्ये बोवीची ‘झिगी स्टारडस्ट’ ही लाँग-प्ले तबकडी निघाली. ६ जुलै १९७२ रोजी त्याने ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये ‘स्टारमॅन’ गायले. तो कार्यक्रम पाहिला आणि आपणही गायक व्हायचे ठरवले, असे पुढच्या पिढीतील कित्येक ब्रिटिश कलावंतांनी सांगितले आहे.

मान्यता कशाला म्हणावे?

रसिकांचा वाद मिटत नाही याचे मुख्य कारण असे की, ‘मान्यता’ हा एकच शब्द ते तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरतात. पहिला अर्थ लोकप्रियता : त्या काळी किती तबकड्या खपल्या, किती जण ऐकत होते. दुसरा अर्थ प्रभाव : नंतरच्या कलावंतांनी त्यांच्याकडून काय घेतले. तिसरा अर्थ श्रेय : जे काम ज्याने केले ते त्याच्या नावावर लागले की नाही.

एकजण म्हणतो, “स्लेडची गाणी बोवीपेक्षा कितीतरी वर होती.” दुसरा म्हणतो, “पण बोवीमुळे संगीत बदलले.” दोघेही खरे बोलत असतात, फक्त एक जण पहिल्या अर्थाने बोलतो आणि दुसरा दुसऱ्या. म्हणून आपण तिन्ही अर्थ वेगळे ठेवूनच पुढे जाऊ.

आकड्यांची साक्ष

प्रथम लोकप्रियता पाहू. टी. रेक्सची १९७१ व १९७२ मध्ये चार गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. स्लेडची १९७१ ते १९७३ या काळात सहा गेली. त्यांपैकी १९७३ मधील तीन गाणी प्रसिद्ध होताच थेट पहिल्या क्रमांकावर आली. आता बोवीचे पाहावे. ग्लॅम रॉकच्या भरभराटीच्या काळात त्याचे एकही गाणे पहिल्या क्रमांकावर गेले नाही. त्याला पहिला क्रमांक मिळाला तो १९७५ च्या अखेरीस, ‘स्पेस ऑडिटी’ या १९६९ च्या गाण्याची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा. लाँग-प्ले तबकड्यांच्या क्रमवारीत मात्र तो पुढे होता; १९७३ ची ‘अलॅडिन सेन’ पहिल्या क्रमांकावर होती.

आता नंतरच्या काळातील सन्मान पाहावेत. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ नावाची संस्था आहे. पहिली तबकडी निघून पंचवीस वर्षे झाली की कलावंत तेथील निवडीस पात्र होतो. बोवीला तो मान १९९६ मध्ये मिळाला. रॉक्सी म्युझिकला २०१९ मध्ये, टी. रेक्सला २०२० मध्ये. स्लेड, स्वीट, मॉट द हूपल आणि सुझी क्वाट्रो यांना २०२५ पर्यंत तो मिळालेला नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०१३ मध्ये बोवीचे कपडे, हस्तलिखिते व छायाचित्रे यांचे मोठे प्रदर्शन भरवले आणि २०२५ मध्ये त्याच्या संग्रहासाठी स्वतंत्र केंद्रच उघडले.

बोवीला हे मिळू नये असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. ग्लॅम रॉक सोडल्यावरही तो नवे काही करीत राहिला; जानेवारी २०१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. प्रश्न त्याचे कमी करण्याचा नाही. त्या काळी ज्यांची गाणी अधिक गाजली ते मागे कसे पडले, हा आहे.

स्लेड : बोलीतले संगीत

स्लेड हा बँड इंग्लंडच्या मध्यभागातील वुल्व्हरहॅम्प्टन परिसरातला. या भागाला ‘ब्लॅक कंट्री’ म्हणतात. कोळसा, भट्ट्या आणि लोखंडाचे कारखाने यांचा हा मुलूख. गायक नॉडी होल्डर हा खिडक्यांच्या काचा पुसणाऱ्याचा मुलगा. बास वाजवणारा जिम ली लहानपणी व्हायोलिन शिकला होता व स्टॅफर्डशायरच्या युवा वाद्यवृंदात वाजवीत असे. ‘कॉझ आय लव्ह यू’ या त्यांच्या पहिल्या अव्वल गाण्यात हे व्हायोलिन ऐकू येते. सहाही अव्वल गाणी होल्डर आणि ली यांनीच लिहिली व चाली दिल्या.

त्यांच्या गाण्यांच्या शीर्षकांचे शुद्धलेखन मुद्दाम चुकवलेले असे. ‘बिकॉज’ या शब्दाचे केवळ ‘सी-ओ-झेड’ करावयाचे, ‘कम’ हा शब्द ‘सी-यू-एम’ असा लिहावयाचा, ‘क्रेझी’च्या शेवटी दोन ‘ई’ घालावयाचे. ती अक्षरे त्यांच्या मुलखातील बोलीप्रमाणे होती; जसे बोलतो तसे लिहावे, एवढाच त्यातील हेतू. प्रमाण इंग्रजीच्या देशात गाण्याच्या तबकडीवर बोली छापून ती घराघरांत पोहोचवणे ही लहान गोष्ट नव्हे. होल्डर डोक्यावर आरसे लावलेली उंच टोपी घालीत असे. रंगमंचावरील दिव्याचा झोत तिच्यावर पडला की प्रकाशाचे तुकडे प्रेक्षकांच्या अंगावर पडत. झोत गायकावर टाकलेला असला तरी प्रकाश श्रोत्यांपर्यंत जाई.

जुलै १९७३ मध्ये ड्रमवादक डॉन पॉवेल याला भीषण मोटार अपघात झाला. त्याची मैत्रीण त्यात दगावली आणि त्याची स्मरणशक्ती कायमची अधू झाली. आपल्याच गाण्यांचे ठेके त्याला पुन्हा शिकावे लागले. त्याच वर्षी त्याला घेऊन बँडने न्यूयॉर्कमध्ये ऐन उन्हाळ्यात ‘मेरी ख्रिसमस एव्हरीबडी’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. डिसेंबरात ते प्रसिद्ध झाले तेव्हा ब्रिटनमध्ये तेलाची टंचाई व कोळसा खाणीतील तंटा शिगेस पोहोचला होता. नव्या वर्षापासून कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळेल असे सरकारने जाहीर केले होते. त्या अंधाऱ्या नाताळात हे गाणे पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. आजही दर डिसेंबरात ते ब्रिटनच्या दुकानांतून ऐकू येते. तात्पर्य, गाणे अमर झाले; पण समीक्षेने बँडला फारसे जवळ केले नाही.

प्रभावाच्या दृष्टीनेही स्लेडची बाजू भक्कम आहे. अमेरिकेतील ‘किस’ या बँडच्या जीन सिमन्सने स्लेडचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. ‘कम ऑन फील द नॉइझ’ हे स्लेडचे गाणे ‘क्वायट रायट’ या अमेरिकन बँडने १९८३ मध्ये गायले आणि ते तेथे पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. मूळ गाणे १९७३ मध्ये अमेरिकेने जवळजवळ ऐकलेही नव्हते. १९९६ मध्ये ब्रिटनच्या ‘ओअ‍ॅसिस’नेही तेच गाणे घेतले. ‘किस’ला क्लीव्हलंडचा मान २०१४ मध्ये मिळाला. शिष्य आत बसले आहेत आणि गुरू दाराबाहेर उभे आहेत, अशी रसिकांची तक्रार असते ती यामुळेच.

विस्मरणाची कारणे

अशी उपेक्षा आपोआप होत नाही. तिला कारणे असतात. प्रस्तुत लेखकाला त्यांपैकी तीन मुख्य वाटतात.

पहिले कारण तबकडीच्या आकाराचे. शाळकरी मुलांच्या खिशाला परवडे ती मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी. स्लेड, स्वीट, सुझी क्वाट्रो यांचे उत्तम काम बव्हंशी या छोट्या तबकड्यांवर आहे. समीक्षक परीक्षणे लिहीत, आणि पुढे ‘सर्वोत्कृष्ट शंभर’ अशा याद्या करीत, त्या मुख्यतः लाँग-प्ले तबकड्यांच्या. छोटी तबकडी दोन-तीन महिन्यांत दुकानातून दिसेनाशी होते. मोठी वर्षानुवर्षे विक्रीस राहते. तेव्हा यादीच्या स्वरूपामुळेच एक अख्खा वर्ग यादीबाहेर राहिला.

दुसरे कारण जतनाचे. त्या काळी चित्रफीत महाग होती, म्हणून बीबीसी जुने कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवे मुद्रित करीत असे. १९७० च्या दशकाच्या आरंभीचे ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे कितीतरी भाग असे नष्ट झाले. जानेवारी १९७३ मध्ये बोवीने ‘द जीन जिनी’ गायलेला भागही पुसला गेला होता. त्या दिवशी कॅमेऱ्यामागे असलेल्या एका तंत्रज्ञाने स्वतःसाठी एक प्रत करून ठेवली होती. ती २०११ मध्ये पुढे आली, म्हणून आज ते गाणे पाहता येते. ज्यांच्यासाठी कोणी प्रत राखली नाही ते गेले.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते आहे शिक्षणाचे. ग्लॅम रॉकचे पुढे दोन भाग पाडण्यात आले : एक ‘कलात्मक’ आणि दुसरा ‘उथळ’. कलात्मक गटात बोवी आणि रॉक्सी म्युझिक. उथळ गटात स्लेड, स्वीट वगैरे. रॉक्सी म्युझिकचा ब्रायन फेरी न्यूकॅसलला रिचर्ड हॅमिल्टन या प्रसिद्ध चित्रकाराच्या हाताखाली शिकला होता. त्याच बँडमधील ब्रायन इनो हाही कलाशाळेतला. त्यांना आपल्या चकाकीचा अर्थ शब्दांत मांडता येत असे. मुलाखतीत ते चित्रकला, चित्रपट, फॅशन यांचे संदर्भ देत. समीक्षकही तशाच शिक्षणातून आलेले असत. दोघांची भाषा जुळे. होल्डरला अशी भाषा नव्हती असे नव्हे, पण ती वेगळी होती; आणि ती ऐकून घेण्याइतका धीर लेखणी धरणाऱ्याला नव्हता.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद केली पाहिजे. हा भेद केवळ जन्माचा नव्हे. ब्रायन फेरीचे वडील खाणीतील तट्टांची देखभाल करीत. म्हणजे तोही कष्टकऱ्याचाच मुलगा. होल्डर आणि फेरी यांच्यातले अंतर घराचे नाही, कलाशाळेच्या उंबरठ्याचे आहे. ज्याच्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयाची पायरी चढले आहे अशा विद्यार्थ्याला हे अंतर पुस्तकातून समजावून घ्यावे लागत नाही. एकाच आळीतील दोन मुलांपैकी एक शिकला की त्याचे म्हणणे ‘मत’ ठरते, आणि दुसऱ्याचे ‘बोलणे’ राहते.

या उंबरठ्याचे एक उदाहरण महाराष्ट्राशीही जोडलेले आहे. ‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बलसारा, हा झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा. सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तो शिकला आणि तेथेच ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवू लागला. पुढे इंग्लंडला जाऊन ईलिंगच्या कलाशाळेतून त्याने १९६९ मध्ये रेखांकनकलेचा अभ्यासक्रम पुरा केला. क्वीनच्या आरंभीच्या वर्षांवर ग्लॅम रॉकची छाप स्पष्ट आहे. १९७३ मध्ये हा बँड मॉट द हूपलच्या दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवीत असे. आज क्वीन जगभर परिचित आहे. ज्यांच्या आधी ते वाजवीत त्या मॉट द हूपलचे नाव रसिकांच्या वादापुरते उरले आहे.

रॉन्सन : ज्याचे काम दुसऱ्याच्या नावावर राहिले

आता तिसऱ्या अर्थाकडे, म्हणजे श्रेयाकडे वळू. वर उल्लेखिलेल्या ‘स्टारमॅन’च्या कार्यक्रमात बोवीने शेजारच्या गिटारवादकाच्या खांद्यावर हात टाकला होता. तो प्रसंग अनेकांच्या स्मरणात आहे. ज्याच्या खांद्यावर तो हात होता त्याचे नाव मिक रॉन्सन.

रॉन्सन हल या बंदराच्या गावचा. लहानपणी पियानो आणि व्हायोलिन शिकलेला. १९७० च्या आरंभी तो हल नगरपालिकेच्या उद्यान विभागात माळी होता. बोवीकडे वाजवणारा एक जुना मित्र त्याला बोलवायला आला, तेव्हा तो रग्बीच्या मैदानावर रेषा आखत होता. त्यानंतरच्या तीन-साडेतीन वर्षांत त्याने केलेले काम पाहिले म्हणजे थक्क व्हावयास होते. ‘झिगी स्टारडस्ट’मधील गिटार त्याची. १९७१ च्या ‘लाइफ ऑन मार्स?’ या गाण्यातील व्हायोलिनांचा वाद्यमेळ त्याने रचला. ज्याला आपल्याकडे चित्रपटसंगीतात ‘अरेंजर’ म्हणतात ते काम हे. १९७२ मध्ये लू रीडच्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या तबकडीचा तो बोवीच्या जोडीने निर्माता होता, आणि तिच्यातील ‘परफेक्ट डे’ या गाण्याची वाद्यरचनाही त्याचीच.

चाल बोवीची, शब्द बोवीचे, म्हणून गाणे बोवीचे. कायद्याने हे योग्यच आहे. पण ‘लाइफ ऑन मार्स?’ ऐकताना श्रोत्याच्या अंगावर जो काटा येतो तो चढत जाणाऱ्या व्हायोलिनांमुळेही येतो, आणि त्या व्हायोलिनांचे स्वर कागदावर उतरवणारा हात निराळा होता. गीतकार व संगीतकार यांना प्रत्येक विक्रीमागे मानधन मिळते. वाद्यरचना करणाऱ्याला सामान्यतः ठरलेली रक्कम मिळते आणि तेथे त्याचा संबंध संपतो. १९९७ मध्ये ‘परफेक्ट डे’ हे गाणे बीबीसीच्या मदतनिधीसाठी अनेक गायकांनी मिळून गायले व ते पहिल्या क्रमांकावर गेले. तोवर रॉन्सन हयात नव्हता.

३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवीने ‘झिगी’ या पात्राचा निरोप घेतला आणि रॉन्सनची जागा लवकरच गेली. त्याने स्वतःच्या दोन तबकड्या काढल्या, परंतु पुढे उभे राहून गाणे हा त्याचा पिंड नव्हता. तो पुन्हा इतरांना मदत करू लागला. अमेरिकेत जॉन मेलनकॅम्पचे ‘जॅक अँड डायान’ हे गाणे १९८२ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. अडलेले ते गाणे रॉन्सनने मार्गी लावले, हे मेलनकॅम्पने स्वतः सांगितले आहे. १९९२ मध्ये तो मॉरिसीच्या ‘युअर आर्सेनल’ या ध्वनिमुद्रिकेचा निर्माता झाला. तोवर त्याला यकृताचा कर्करोग झालेला होता. २० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला, त्यात रॉन्सन पुन्हा एकदा बोवीच्या शेजारी उभा राहून वाजवला. एप्रिल १९९३ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच्यावर स्वतंत्र माहितीपट निघाला तो २०१७ मध्ये. त्याचे नाव ‘बिसाइड बोवी’. स्वतःच्या चरित्रपटातही तो दुसऱ्याच्या शेजारीच उभा आहे.

क्वाट्रो आणि जोब्रायथ

ग्लॅम रॉकमध्ये पुरुषांनी स्त्रियांसारखी रंगभूषा केली, म्हणून त्याला धाडसी म्हणतात. परंतु स्त्रियांना त्यात जागा किती होती? अमेरिकेतील डेट्रॉइटहून इंग्लंडला आलेली सुझी क्वाट्रो ही जवळजवळ एकटीच. चामड्याचा साधा पोशाख, गळ्यात बास गिटार आणि मागे वाजवणारे पुरुष. ‘कॅन द कॅन’ १९७३ मध्ये आणि ‘डेव्हिल गेट ड्राइव्ह’ १९७४ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ती वाद्य घेऊन बँडच्या अग्रभागी उभी राहिली, ही गोष्ट अनेक मुलींनी पाहिली. त्यांपैकी एक जोन जेट. क्वाट्रोला पाहून आपण गिटार हाती घेतली, असे ती सांगत आली आहे. जोन जेटला क्लीव्हलंडचा मान २०१५ मध्ये मिळाला. क्वाट्रो अद्याप बाहेर आहे. तिची गाणी निकी चिन व माइक चॅपमन या जोडीने लिहिली, म्हणून तिचे महत्त्व कमी, असे काही जण म्हणतात. हाच आक्षेप स्वीटवरही घेतला जातो. स्वीटने ‘फॉक्स ऑन द रन’ हे स्वतः लिहिलेले गाणे १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि त्यानंतर अमेरिकेत पाचव्या क्रमांकावर नेऊन त्याचे उत्तर दिले. क्वाट्रोच्या बाबतीत उत्तर असे की, तिचे योगदान लिहिण्यात नव्हे, उभे राहण्यात आहे.

जोब्रायथची कथा याहून करुण आहे. हा अमेरिकन गायक व पियानोवादक आपण समलिंगी असल्याचे उघड सांगत असे. मोठ्या कंपनीने करारबद्ध केलेला असा तो पहिला रॉक गायक मानला जातो. १९७३ मध्ये त्याची पहिली तबकडी निघाली तेव्हा न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये त्याचा प्रचंड फलक लावण्यात आला होता. एवढ्या गाजावाजामुळेच लोक बिथरले. दुसरी तबकडी १९७४ मध्ये आली व गेली. १९८३ मध्ये एड्सने त्याचा मृत्यू झाला तेव्हा त्याची फारशी दखलही घेतली गेली नाही. बोवी, बोलन यांच्या बाबतीत रंगभूषा ही भूमिका होती. जोब्रायथने ती भूमिका नाही असे सांगितले, आणि त्याची किंमत त्यानेच मोजली. त्याची गाणी श्रेष्ठ होती की नाही यावर मतभेद होऊ शकतील. त्याचे नाव मात्र इतिहासात असले पाहिजे.

नोंद आणि गौरव

या ठिकाणी एक अवघड प्रश्न येतो. गॅरी ग्लिटर हा त्या काळचा अतिशय लोकप्रिय गायक. पुढे मुलांवरील लैंगिक अत्याचारांबद्दल तो अनेकदा दोषी ठरला आणि २०१५ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने त्याला सोळा वर्षांची शिक्षा दिली. त्याची गाणी आता क्वचितच वाजवली जातात. काही रसिक म्हणतात, इतिहास पुसता येत नाही. ते खरे आहे. परंतु नोंद आणि गौरव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तो लोकप्रिय होता याची नोंद इतिहासाने करावी. गौरव करण्याचे बंधन कोणावर नाही. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्या दुःखापुढे तबकड्यांच्या खपाची मातब्बरी ती किती! शिवाय त्या गाण्यांचा तो वैशिष्ट्यपूर्ण ठोका बव्हंशी निर्माता माइक लिअँडरच्या कल्पनेतून उतरला होता. एका माणसाच्या अपराधामुळे दुसऱ्याचे कामही अंधारात गेले. श्रेय नीट वाटून लिहिण्याची गरज यावरूनही पटते.

समारोप

असो. मग अधिक मान्यता कोणाला हवी? तीन अर्थ वेगळे केल्यावर उत्तरेही वेगळी येतात. बोलनला आरंभकर्त्याचा मान उशिरा का होईना मिळाला आहे. सप्टेंबर १९७७ मध्ये मोटार अपघातात तो गेला तेव्हा तिशीही गाठली नव्हती. त्या वर्षीच्या आपल्या अखेरच्या दौऱ्यात ‘द डॅम्ड’ या नवख्या पंक बँडला त्याने बरोबर घेतले होते, हेही त्याच्या खाती जमा करावे. प्रभावाच्या दृष्टीने स्लेड आणि सुझी क्वाट्रो यांचे देणे बाकी आहे. धैर्याच्या दृष्टीने जोब्रायथचे. पण प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत मोठी थकबाकी रॉन्सनची आहे. कारण इतरांना निदान विसरण्यापूर्वी त्यांच्या नावाने ओळखले गेले होते. रॉन्सनचे काम लोक रोज ऐकतात आणि दुसऱ्याच्या नावाने ऐकतात.

रसिकांच्या वादाची खरी उपयुक्तता येथे आहे. सभागृहातले मान समित्या देतात आणि समित्यांना लिहिलेले तेवढेच दिसते. जे लिहिलेले नाही ते आठवणीने सांगत राहणारा, प्रसंगी भांडणारा रसिक हा त्या अर्थाने इतिहासाचा पहिला लेखक होय. आपण कला शाखेचे विद्यार्थी पुढे शिक्षक, पत्रकार, समीक्षक होणार आहोत. गाणे आवडले म्हणजे गायकाचे नाव आपण विचारतोच. वाद्यमेळ कोणी रचला, ठेका कोणी धरला, हेही विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर या अभ्यासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.